पाहुणे येणार आहेत

अनुदान देणारी माणसं वाईट नसतात, हे मी आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटेल, ही बाई त्यांच्या नावाने बोटं मोडायला बसली आहे. यात वाईट कोणीच नव्हतं, आणि तोच तर वैताग आहे. एखादा तरी नालायक निघाला असता, तर त्याला चार शिव्या हासडून मी मोकळी झाले असते.

मी पडदे शिवते. पडद्यांच्या दुकानाच्या मागच्या बाजूला माझं मशीन आहे आणि गिऱ्हाइकं दुपारीच येतात, म्हणून माझं कामही दुपारचंच. आमचे हे सुतार. होते म्हणायला जीभ वळत नाही, म्हणून अजूनही सुतारच म्हणते. दारं बसवण्यात यांचा हातखंडा. यांनी बसवलेलं दार कधी कुरकुरलं नाही, कधी फुगून अडकलं नाही. तीन वर्षांपूर्वी पटाशीला काय म्हणतात ते यांना आठवेना. दोघंही हसलो तेव्हा. मग आमच्या गल्लीचं नाव आठवेना, मग मुलीचं, आणि हसणं कुठल्या कुठे गेलं.

विसरलेल्या माणसांना दुपारपुरतं सांभाळणारं दुपारघर सापडण्याआधी मी यांना घरात ठेवून दाराला बाहेरून कडी घालून कामावर जायचे. करणार काय? दार उघडं मिळालं की हे "कामावर जातो" म्हणून निघायचे आणि हमरस्त्याच्या मधोमध उभे राहायचे. मी घरी बसले तर दोघांच्या पोटाला काय घालू? आणि सांभाळणाऱ्या मोठ्या संस्थांचे दर ऐकले, तर धडधाकट माणसालासुद्धा भोवळ येईल. एकदा कामावरून आले, कडी काढली, तर हे दारामागेच बसलेले. बोटांची नखं उखडलेली, दाराच्या कडेवर रक्त, शेजारी वाकडा झालेला चमचा. निम्म्या गावाची दारं ज्यांनी बसवली, त्यांना स्वतःच्या घराचं दार उघडता येईना. माझ्याकडे बघून म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. आतमध्ये कोणीतरी राहिलंय हो." त्याच संध्याकाळी मी स्क्रू काढून ती कडी उपटली आणि कपाटाच्या खणात टाकली. चौकटीला चार भोकं राहिली. या दाराला पुन्हा कडी लावणार नाही, अशी मी स्वतःशीच शपथ घेतली.

त्यानंतर कोणीतरी बाईंचं नाव सांगितलं. बाई म्हणजे शाळेतल्या बाई. निवृत्त होऊन जमाना लोटला, तरी भाजी घ्यायला निघाल्या तर रस्त्यातली मोठी माणसं सिगारेट लपवतात. त्यांच्या थोरल्या बहिणीला हाच आजार होता. तिच्यासोबत बसायला म्हणून त्यांनी आणखी दोघाचौघांना बोलावलं होतं. बहीण गेली, खुर्च्या तशाच राहिल्या, आणि त्याचं दुपारघर झालं. बंद पडलेल्या छापखान्याची मागची खोली, एका भिंतीला ओल, संडासाची साखळी तुटलेली, एक लांब टेबल जे हात टेकवला की डुगडुगायचं. जेवणं झाली की विसरलेली माणसं यायची, दिवेलागणीला घरी जायची. औषध नाही, उपचार नाही. कोणी लोकरीचा गुंता सोडवायचं. टपालकाका जन्मभर पोस्टमन होते. ते रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा घेऊन प्रत्येकाला एकेक वाटायचे, मग गोळा करायचे आणि पुन्हा वाटायचे. एक आत्या होत्या, त्या दुपारभर "माझी आई कुठाय" म्हणून रडायच्या आणि बाई दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखं त्यांची समजूत काढायच्या. यांच्यापुढे लाकडाचा तुकडा आणि पॉलिशपेपर ठेवला की हे घासत बसायचे. त्या लाकडाचा पार आरसा झाला होता. मी मशीनवर असायचे आणि माझा जीव थाऱ्यावर असायचा. माझ्यासाठी दुपारघर म्हणजे एवढंच होतं, आणि एवढं म्हणजे सगळं होतं.

पण खोलीला भाडं होतं, मदतीला दोन बायका होत्या, त्यांचा पगार होता. ओळखीपाळखीच्या लोकांनी पहिली दोन वर्षं हात सैल सोडला, मग ते रस्त्यात बाईंना बघून दुसऱ्या बाजूने जायला लागले. भाडं थकलं, तशी छापखान्याच्या मालकाने मुदत दिली. तेव्हा अनुदान मिळवल्याशिवाय गत्यंतर नाही, असं ठरलं. बाईंना लिहिता येत होतं आणि मला भांडता येत होतं, म्हणून आम्हा दोघींवर ते काम आलं.

"निधीच्या संधी" अशा नावाचं एक माहितीसत्र होतं. सगळ्या संस्थांची माणसं जमलेली, प्रत्येकाच्या हातात फाइल आणि चेहऱ्यावर दुसऱ्याला मिळू नये असा भाव. पडद्यावर एकामागून एक संधी येत होत्या. झाडांसाठी निधी, भटक्या कुत्र्यांसाठी निधी, तरुणांच्या नेतृत्वासाठी निधी. आमची म्हातारी माणसं कोणत्याच खणात मावत नव्हती. शिवाय जो तो एकच विचारत होता, नवीन काय करणार? चालू असलेलं चालू ठेवायला कोणी पैसा देत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. एका गृहस्थाने मला विचारलंच, "तुमच्या उपक्रमात नावीन्य काय आहे?"

मी म्हटलं, "आमच्याकडे रोज सगळं नवीनच असतं. लोक रोज नव्याने ओळख करून घेतात."

सगळे हसले. हसण्यावर अनुदान असतं तर त्याच दिवशी मंजूर झालं असतं.

चहाच्या वेळी एक तरुण मॅडम आपणहून माझ्याकडे आल्या. एका न्यासाच्या निधीचं काम त्या बघत होत्या. म्हणाल्या, "आमचा न्यास रोजच्या खर्चालासुद्धा देतो. पण मी आधी येऊन बघते. सगळ्यांत जास्त गुण निकडीला असतात. तुमची अडचण मला दिसली पाहिजे. जसं आहे तसं दाखवा."

जसं आहे तसं. मी उड्या मारतच बाईंकडे गेले. आमच्याकडे अडचणीला काय तोटा?

बाईंनी अर्ज लिहिला. अक्षर मोत्यासारखं आणि मजकूर इतका सोज्वळ, की वाचणाऱ्याला वाटावं यांना कशाचीच गरज नाही. मी म्हटलं, "बाई, ओल लिहा. संडासाचं लिहा. आमचे हे हमरस्त्यावर जातात, ते लिहा."

"लिहिलंय की. 'काही मर्यादा जाणवतात.'"

"मर्यादा? बाई, रडल्याशिवाय आईसुद्धा दूध पाजत नाही."

"आणि झाकली मूठ सव्वा लाखाची, हे विसरलीस?" बाई म्हणाल्या. "घाणीत बसलेली माणसं दाखवली तर त्या म्हणतील, यांना साधी खोली नीट ठेवता येत नाही, यांच्या हातात पैसे कशाला द्यायचे?"

त्यातही तथ्य होतं, हे मला आज म्हणावं लागतंय. कोणतं खरं, हे आधी कोणाला कळतं?

भेटीचा दिवस ठरला. बाईंनी ओलीच्या भिंतीवर लावायला माझ्याकडे पडदा मागितला. मी भांडले. म्हटलं, तीच तर आपली भांडवलाची भिंत. शेवटी दुकानातले उरलेले तुकडे जोडून पडदा मीच शिवला, आणि शिवायला बसल्यावर वाईट शिवणं मला जमत नाही. चुण्या एकसारख्या पडल्या. भिंत अशी सजली की तिथे खिडकी असावी असं वाटायला लागलं. मदतीच्या बायकांनी फरशी घासली, संडासाच्या साखळीला दोरी बांधली. आणि बाईंनी सगळ्यांना सांगायला सुरुवात केली, "पाहुणे येणार आहेत बरं का."

रोज सांगायच्या आणि रोज सगळे विसरायचे. टपालकाका विचारायचे, "कोणाकडे?"

भेटीच्या दिवशी मी दुकानातून सुट्टी काढली. यांना इस्त्रीचा शर्ट घातला. हो, मीच घातला. पाहुण्यांसमोर माझा नवरा चुरगळलेल्या शर्टात बसलेला मला चालला नसता. कितीही शहाणपण शिकवलं मी बाईंना, तरी तेवढं मलाही चाललं नसतं.

मॅडम आल्या आणि दारात उभ्या राहून म्हणाल्या, "येऊ का?"

त्यानंतर जे झालं ते मी डोळ्यांनी बघितलं नसतं तर मला पटलं नसतं. टपालकाका ताडकन उठले. "या या, बसा," म्हणून त्यांनी स्वतःची खुर्ची दिली, आधी बाहीने पुसून दिली. आत्यांनी पदर सारखा केला, मॅडमच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, "प्रवासाचा त्रास नाही ना झाला? घरी कोण कोण असतं?" मॅडम सांगत गेल्या आणि आत्या मान डोलावत गेल्या. मधूनच म्हणाल्या, "आईला जपा हं. आई एकदाच असते." रडणं नाही, काही नाही. कोणीतरी पाणी आणलं. ग्लासाखाली बशी होती, आणि ती आम्ही सांगितलेली नव्हती. कोणी एकमेकांच्या बोलण्यात बोललं नाही. पाहुणा आला की काय करायचं, हे यांच्यातल्या कोणीही विसरलेलं नव्हतं. लेकरांची नावं गेली होती, पण हे शिल्लक होतं.

आणि आमचे हे! मॅडमनी टेबलावर वही ठेवली, टेबल डुगडुगलं. हे उठले. आपल्या त्या लाकडाच्या तुकड्याची एक चकती काढायला मदतीच्या बाईकडे सुरी मागितली. मी सुरीवर नजर ठेवून जवळ सरकले. यांनी चकती काढली, गुडघ्यावर बसून टेबलाच्या पायाखाली सारली, तळहाताने टेबल दाबून बघितलं आणि म्हणाले, "आता लिहा बिनघोर."

मॅडम म्हणाल्या, "तुम्ही इथे काम करता का?"

"हो," हे म्हणाले.

मला अभिमान वाटला. खोटं का बोलू? त्या क्षणी अनुदान, निकड, गुण सगळं मी विसरले. तीन वर्षांनी मला माझा नवरा दिसला होता. बाईंकडे बघितलं तर त्यांचे डोळे भरून आलेले, शाळेच्या गॅदरिंगमध्ये मुलाला सगळे संवाद आठवावेत तसे.

मॅडम निघाल्या तेव्हा हे दारापर्यंत सोडायला गेले. "बसला असता थोडं," म्हणाले. "सावकाश जा. पुन्हा या."

त्यांची गाडी कोपऱ्यावर वळली न वळली, तोच आत्यांनी हंबरडा फोडला. टपालकाकांची विजार ओली झाली होती. पाहुण्यांसमोर पुन्हा उठायचं कसं म्हणून ते दुसऱ्या खुर्चीवर तसेच बसून राहिले होते, असं मला वाटतं. हे "कामावर जातो" म्हणून निघाले. मी यांचा दंड धरला आणि दुसऱ्या हाताने दार उघडून रस्त्याकडे धावणार होते. मॅडमना हाक मारून म्हणणार होते, आता या, आता बघा. बाईंनी माझा हात धरला.

"नको," त्या म्हणाल्या. "इतकं छान झालंय. आता नको."

आणि मी थांबले.

निकाल बाईंना फोनवर कळला. त्या दुकानात आल्या आणि माझ्या मशीनशेजारी कापडाच्या गठ्ठ्यावर बसल्या. "काम फार आवडलं म्हणाल्या," बाई म्हणाल्या. "इतकी नीटनेटकी संस्था कमी बघितली म्हणाल्या."

"आणि?"

"निकडीला कमी गुण पडले. बाकीच्यांची परिस्थिती जास्त बिकट आहे म्हणे. लोकांची तब्येत समाधानकारक वाटली. पुढच्या फेरीत जरूर अर्ज करा म्हणाल्या."

पुढची फेरी पुढच्या वर्षी. मालकाची मुदत महिनाअखेर.

मी मॅडमच्या ऑफिसात गेले. सगळं तोंडपाठ करून गेले होते. कडीचं, नखांचं, ओलीचं, टपालकाकांच्या विजारीचं, काहीही झाकायचं नाही, सगळी मूठ उघडायची, असं ठरवून. छोटी खोली, फाइलींचे ढीग, खिडकीत वाळलेलं रोपटं. म्हणजे तिकडेही काही फार हिरवळ नव्हती. मॅडम उठून उभ्या राहिल्या, मला खुर्ची दिली, स्वतः पाणी आणलं. आपुलकीने विचारलं, "कसे आहेत तुमचे मिस्टर? घरी सगळं ठीक ना?"

आणि मी म्हटलं, "हो हो, ठीक चाललंय. तुम्ही कशा आहात?"

जीभ झडली नाही माझी! भांडायला गेलेली मी, दुसऱ्याच्या दारात पाण्याचा ग्लास हातात घेऊन बसल्याबरोबर ठीक चाललंय म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. आजवर कोणी विचारलं की हेच निघत आलंय.

मग मी रडले आणि सगळं सांगितलं, पण उलट्या क्रमाने आणि अर्धवट. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांचा चेहरा पडला. "हे मला त्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"पाहुण्याला कसं सांगायचं?" मी म्हटलं.

"मी पाहुणी म्हणून नव्हते आले हो." त्या हळू आवाजात म्हणाल्या. "समितीचा निर्णय झाला. पैसे वाटून झाले. मला आता हात लावता येत नाही. खरंच येत नाही." त्यांनी माझ्यासाठी आणखी दोनतीन निधींची नावं कागदावर लिहून दिली. एक तरुणांच्या नेतृत्वाचा होता. मी तो कागद नीट घडी घालून पिशवीत ठेवला. त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

महिनाअखेरीला आम्ही खोली रिकामी केली. बाईंशी मी चार दिवस बोलले नव्हते. मनात सगळं तयार होतं, तुमच्या सव्वा लाखाच्या मुठीने आम्हाला देशोधडीला लावलं, असं. पण बाई खुर्च्या एकात एक रचत होत्या आणि आत्यांना न्यायला आलेली सून रस्त्यात उभी राहून घड्याळ बघत होती. आत्या विचारत होत्या, "उद्या किती वाजता?" बाई म्हणाल्या, "नेहमीच्याच वेळी." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तीन वर्षं मी रोज त्यांच्या डोक्यात काहीतरी राहू दे म्हणून धडपडले गं. एक गोष्ट राहिली नाही. आणि राहिलं ते नेमकं त्या दिवशी वर आलं."

मला त्यांच्यावर रागावता आलं नाही. पडदा काढून त्यांनी माझ्या हातात दिला. मागची भिंत पार काळी झाली होती.

दुकानाच्या मालकाने दोन दिवस दिले, तिसऱ्या दिवशी ये नाहीतर दुसरी बघतो म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपाटाच्या खणातून कडी काढली. ती चार भोकं आता सैल झाली होती, स्क्रू धरेना. मी पेचकस घेऊन झटापट करत होते. हे मागे येऊन उभे राहिले.

"असं नाही करायचं," म्हणाले आणि माझ्या हातातून पेचकस काढून घेतला. चौकटीवरून बोट फिरवलं. "कोणी उपटली ही? लाकडाची वाट लावली." काडेपेटीतल्या काड्या घेऊन त्यांनी भोकांत ठोकल्या, वरचा भाग कापून सपाट केला, आणि कडी धरून डोळा बारीक करून बघितलं. "बाहेरून?"

"हो."

"बाहेरून कशाला? आत कोण आहे?"

मी म्हटलं, "चोर येतात हो."

यांना पटलं. चोरांसाठी कडी आतून असते, हे त्यांना आता कुठे सुचणार? म्हणाले, "मग मोठे स्क्रू द्या. अशी बसवतो, की आतून ताकद लावली तरी हलायची नाही." मी मोठे स्क्रू आणून दिले. एकेक स्क्रू पिळताना त्यांची जीभ ओठांच्या कोपऱ्यात आली, पूर्वी यायची तशी. शेवटी बिजागरीला आणि कडीला तेल घातलं. मला आत उभं केलं, दार ओढून घेतलं, कडी घातली आणि बाहेरून ओरडले, "ढकला!"

मी ढकललं. दोन्ही हातांनी, मग खांद्याने. दार हललं नाही. जरासुद्धा नाही. मी कपाळ त्या दाराला टेकवलं.

कडी निघाली. हे समोर उभे, घामाघूम, खूश. "कशी झाली?"

"छान झाली," मी म्हटलं. झालीच होती छान.

आज जेवण उरकून मी निघाले. यांच्यासमोर लाकडाचा तुकडा ठेवला, चकती काढलेला. पाण्याचा तांब्या ठेवला. चमचे सगळे वरच्या फळीवर ठेवले. पिशवी घेऊन दाराशी गेले तर हे उठून मला सोडायला आले. माझ्याकडे नीट बघितलं, कोण आहे ते आठवलं नाही, पण चेहऱ्यावर तसं दिसू दिलं नाही. माणूस कसा अदबीने वागतो.

"बसला असता थोडं," म्हणाले.

"कामावर जायचंय," मी म्हटलं.

"हो, हो. सावकाश जा. पुन्हा या."

मी बाहेर येऊन दार ओढलं आणि कडी सरकवली. आवाजही झाला नाही. तेल घालून बसवली होती ना त्यांनी.